दोन राखाडी, एक टेबल

टेबलावर बोटभर उंचीचे सैनिक मांडून लढाया खेळण्याच्या छंदाची राजधानी कुठली, असं कोणी विचारलं तर उत्तर नॉटिंगहॅम. गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय इथे आहे. वॉरलॉर्ड, मॅन्टिक आणि पेरी मिनिएचर्स या कंपन्याही इथल्याच. एके काळी हे सैनिक शिशाच्या मिश्रधातूत ओतत, म्हणून छंदातली मंडळी या टापूला ‘लेड बेल्ट’ म्हणतात. मी नोकरीनिमित्त या शहरात आलो आणि शेजाऱ्याच्या नादाने या खेळात पडलो. त्याआधी इचलकरंजीतल्या एका प्रोसेस हाऊसमध्ये कापडाच्या शेड जुळवणं हे माझं पोटापाण्याचं काम होतं. त्यामुळे टेबलाकडे बघताना माझी नजर आधी रंगावर जाते, डावपेचांवर नंतर. हरण्याचं हे एक कारण असू शकेल.

सैनिक मी स्वतः रंगवतो, त्यात मजा आहे. टेरेन मात्र, म्हणजे घरं, भिंती, टेकड्या, पूल, तळघरांच्या फरशा, हे सगळं रंगवून तयार आलेलं विकत घेतो. नोकरी आणि घर सांभाळून सहा फूट बाय चार फुटांचं टेबल भरेल एवढं सामान हाताने रंगवायचं म्हटलं तर खेळायला वेळच उरायचा नाही. तयार टेरेन घेणाऱ्या प्रत्येकाची एकच तक्रार असते: गेल्या वर्षी घेतलेली भिंत आणि यंदा घेतलेली भिंत एकमेकींशी जुळत नाहीत. या तक्रारीवर मी बराच काळ डोकं चालवलं आहे. त्यातून जे हाती लागलं ते असं.

१. फरक शेवटच्या हातात असतो

तयार टेरेन यंत्रातून रंगून बाहेर पडतं अशी बऱ्याच जणांची समजूत असते. पीव्हीसी किंवा रेझिनचा तुकडा साच्यातून निघाला की त्यावर पहिला रंग फवाऱ्याने मारतात. तो बऱ्यापैकी स्थिर असतो. मग पातळ काळपट पाणी, म्हणजे वॉश, खाचांत सोडतात. शेवटी जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिकट रंग उंचवट्यांवर घासतात. याला ड्रायब्रश म्हणतात, आणि हे काम माणूस हाताने करतो. कुंचल्यात किती रंग उरला, मनगटाचा दाब किती पडला, सकाळची पहिली पेटी होती की संध्याकाळची शेवटची, यावर दगडाचा उजळपणा ठरतो. म्हणून दोन तुकडे ताडून बघताना खाचांकडे बघू नका, कडा आणि उंचवटे बघा. नव्वद टक्के वेळा भांडण तिथेच असतं, असं मी अंदाजाने म्हणेन.

यात सगळ्यात खट्याळ रंग राखाडी. दुर्दैवाने या छंदातला निम्मा माल राखाडीच असतो, कारण तळघर म्हणजे दगड आणि दगड म्हणजे राखाडी असं ठरून गेलं आहे. लाल किंवा हिरव्यात थोडा फेर पडला तर डोळा चालवून घेतो. राखाडीत निळ्याची किंवा तपकिरीची चिमूट कमी-जास्त झाली तर लगेच एक तुकडा ‘थंड’ आणि दुसरा ‘मळका’ दिसू लागतो. रंग जितका उदासीन, तितकी आपली नजर छटेच्या बाबतीत कडक. कापडाच्या धंद्यातही बेज आणि ग्रे या शेडनी जितका घाम काढला तितका भडक रंगांनी कधी काढला नाही.

२. तुकडे कुठे टेकतात ते आधी बघा

माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे. डोळा एकेकट्या वस्तूचा रंग फार वाईट लक्षात ठेवतो, पण दोन रंग एका रेषेवर भिडले की त्यांच्यातला बारीकसा फरकही पकडतो. त्याच दोन वस्तूंमध्ये वीतभर अंतर ठेवलं की तोच फरक निम्म्याहून अधिक विरघळतो.

म्हणजे टेरेनचे दोन प्रकार झाले. एक, कडेला कड लावून मांडायचं: तळघराच्या फरशा, किल्ल्याच्या तटाचे तुकडे, नदीचे आणि रस्त्याचे तुकडे. दुसरं, सुटं: झाडी, खडक, एकटं घर, पडकं देऊळ. रंगाच्या सारखेपणासाठी पैसे आणि डोकं खर्चायचं ते पहिल्या प्रकारावर. दुसऱ्या प्रकारात वेगवेगळ्या कंपन्यांचा, वेगवेगळ्या वर्षांचा माल बिनधास्त घ्या. न्यूयॉर्कची ड्वार्वन फोर्ज ही कंपनी १९९६ पासून तळघरांचे तुकडे विकते. असा भिडवून मांडायचा माल जमवणाऱ्यांना ही चिंता कायमची. माझ्या ओळखीतले सुटे खडक जमवणारे मात्र रात्री शांत झोपतात.

ही अडचण खेळाइतकीच जुनी असावी. प्रशियाच्या गेओर्ग लेओपोल्ड फॉन राइसविट्झने १८१२ साली राजा फ्रीडरिश विल्हेल्म तिसरा याच्यासाठी युद्धखेळाचं एक मेज तयार करून दिलं. खणांत प्लॅस्टरचे चौकोनी तुकडे, त्यांवर डोंगर, पाणी, रस्ते उठावात आणि रंगवलेले. हवे तसे जोडा आणि रणभूमी बनवा. रंगवून तयार टेरेन म्हणतात ते हेच. मेज आजही बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग राजवाड्यात आहे. राइसविट्झच्या मुलाने १८२४ मध्ये खेळ सुधारला तेव्हा तुकडे सोडून देऊन सरळ १:८००० प्रमाणाचे नकाशे वापरले. कारणं लष्करी होती, पण कड जुळवण्याची कटकटही त्यात आपोआप मिटली.

३. एका दमात घ्या आणि लगेच मिसळा

भिडवून मांडायचं टेरेन हप्त्याहप्त्याने जमवू नये. तीन खोकी लागणार असतील तर पैसे साठवून तिन्ही एकदम, एकाच दुकानातून घ्यावीत. एका लॉटची निघण्याची शक्यता त्यातच जास्त. घरी आणल्यावर तिन्ही फोडून सगळे तुकडे एका ढिगात मिसळून टाकावेत.

पुढे नवा लॉट आणावाच लागला तर दोनच मार्ग. एक तर जुने-नवे तुकडे इतके मिसळायचे की फरक दगडाचा नैसर्गिक चट्ट्यापट्ट्यांचा खेळ वाटेल. नाही तर त्यांना पूर्ण वेगळं ठेवायचं आणि मध्ये दार, पूल किंवा जिना अशी ठळक हद्द घालायची. एकाच भिंतीचा डावा अर्धा जुना आणि उजवा अर्धा नवा, हे मात्र कधीही करू नका. कापडाच्या ताग्यात मध्येच शेड बदलली की गिऱ्हाईक तो परत पाठवतं. टेबल परत पाठवायची सोय नाही.

४. ज्या दिव्याखाली खेळणार त्याच दिव्याखाली जुळवा

लग्नाच्या खरेदीला गेलेली बाई मॅचिंगचं ब्लाउजपीस घेऊन दुकानाच्या पायरीवर, उन्हात येते, ते उगाच नाही. टेरेनच्या बाबतीत हाच शहाणपणा उलटा लावायचा: खेळ उन्हात होत नाही, म्हणून ऊन निकामी.

इचलकरंजीत आमच्या लॅबमध्ये लाइट बॉक्स होता. त्यात डी ६५ म्हणजे ढगाळ दिवसाच्या प्रकाशाच्या जवळचा, साधारण ६५०० केल्विनचा दिवा. जुन्या पिवळ्या बल्बचा दिवा. आणि ‘टीएल ८४’, ब्रिटिश दुकानांतल्या ट्यूबलाइटसारखा. निर्यातीचं कापड तिन्हींखाली पास व्हावं लागे. दोन नमुने एका दिव्याखाली हुबेहूब आणि दुसऱ्याखाली फटकून, असं झालं की आमचे डाइंग मास्तर कपाळाला हात लावत. याला मेटॅमेरिझम म्हणतात. दोन कापडांत वेगवेगळी रंगद्रव्यं वापरून एकच शेड गाठली की असं होतं.

टेरेनमध्ये हे घडणं अगदी सोपं आहे. एका कारखान्याने राखाडी केला काळ्या-पांढऱ्यातून, दुसऱ्याने अल्ट्रामरीन निळा, तपकिरी आणि पांढरा मिसळून. खिडकीजवळ दोन्ही सारखे. रात्री बैठकीच्या २७०० केल्विनच्या पिवळ्या दिव्याखाली दुसरा तांबूस होतो. इथल्या घरांत असेच पिवळे दिवे असतात, तर आम्ही खेळतो त्या क्लबच्या सभागृहात ४००० केल्विनच्या ट्यूब. एकच टेरेन दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं दिसतं आणि लोक कंपनीला नावं ठेवतात. पुण्या-मुंबईत खेळणाऱ्यांच्या घरी पांढऱ्याफेक ६५०० केल्विनच्या ट्यूबा असतात, त्यांना या एका बाबतीत आपण नशीबवान आहोत हे माहीतही नसेल.

उपाय स्वस्त आहे. टेबलावर एकाच जातीचे, एकाच केल्विनचे एलईडी लावा आणि खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० किंवा त्याहून वर लिहिलंय ना, ते बघा. सीआरआय कमी असलेला दिवा पुष्कळ उजेड देतो पण रंग खातो. दोन वेगळे दिवे टेबलाच्या दोन टोकांना लावले तर एका लॉटचा मालही दोन लॉटचा दिसेल. मी ४००० केल्विनवर स्थिरावलो आहे, कारण क्लबातही तोच आहे.

५. फोन साक्षीदार म्हणून चालत नाही

दुकानाच्या फोटोवरून शेड ठरवू नका आणि स्वतःच्या फोनवरून तर अजिबात नको. फोन प्रत्येक फोटोत पांढरा रंग आपल्या मनाने ठरवतो. टेबलावर अंथरलेल्या हिरव्या प्लेमॅटवर ठेवलेली राखाडी भिंत त्याला किंचित गुलाबी वाटू शकते. रंगातला फरक मोजायला डेल्टा-ई नावाचं माप आहे. १९७६ च्या सीआयई लॅब पद्धतीत एकाच्या आसपासचा फरक सरावलेल्या डोळ्यालाच कळतो, तीन-चारच्या पुढे शेजारी ठेवल्यावर कोणालाही. ते मोजणारं यंत्र महाग आहे आणि खडबडीत दगडाच्या तुकड्यावर त्याचे आकडे भरवशाचे येत नाहीत. जुना एक तुकडा खिशात घेऊन दुकानात जाणं, याला पर्याय नाही.

६. रंग आधी नका बदलू, चकाकी बदला

दोन तुकडे जुळत नाहीत म्हणून लोक थेट रंगाची बाटली उघडतात. थांबा. तुकडे दिव्यासमोर तिरपे धरा. पुष्कळदा रंग तोच असतो, एक जरा चकचकीत आणि दुसरा कोरडा असतो. कोरडा, म्हणजे मॅट पृष्ठभाग दिव्याचा पांढरा प्रकाश सगळीकडे विखरून टाकतो, त्यामुळे रंग फिकट आणि धुरकट दिसतो. चकचकीत पृष्ठभाग तो एकाच दिशेला परतवतो, म्हणून बाकीच्या बाजूंनी रंग गडद आणि ओलसर दिसतो. ओल्या आणि सुक्या फरशीत असतो तोच हा फेर. पीव्हीसीचा माल, रेझिनचा माल आणि लेझरने कापलेला एमडीएफचा माल एकत्र मांडला की तीन प्रकारची चकाकी समोर येते आणि डोळ्याला वाटतं तीन रंग आहेत.

सगळ्यांवर एकाच डब्यातलं मॅट वार्निश मारून बघा. माझ्या अनुभवात निम्मे तंटे इथेच मिटतात, आणि तेही एका दुपारात. तीन पथ्यं आहेत. मॅट वार्निशात चकाकी मारणारी बारीक सिलिका असते, ती तळाशी बसते. डबा नीट हलवला नाही तर काही तुकडे चमकणार आणि काही पांढुरके पडणार. हवेत दमटपणा असताना फवारा मारू नका, वर पांढरी बुरशी आल्यासारखा थर येतो. नॉटिंगहॅममध्ये या नियमाने वर्षातले मोजके दिवस हाती लागतात, कोकणात पावसाळा पूर्ण सोडून द्यावा. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: मऊ पीव्हीसीवर कॅनमधला सॉल्व्हंटचा स्प्रे मारला तर पृष्ठभाग चिकट होऊ शकतो आणि तो चिकटपणा जाता जात नाही. तिथे पाण्यात विरघळणारं वार्निश कुंचल्याने किंवा एअरब्रशने लावा, आणि तेही आधी तुकड्याच्या पोटाला लावून बघा.

७. प्लेमॅट आधी, बाकी सगळं मागून

टेबलावरचा सगळ्यात मोठा रंग कुठला? घरांचा नव्हे, झाडांचा नव्हे. खाली अंथरलेल्या प्लेमॅटचा. रबरावर चिकटवलेल्या कापडाची ही चटई छापील असते आणि तिचा रंग तुम्ही बदलू शकत नाही. टेरेन तुम्ही रंगवू शकता. म्हणजे जे बदलता येत नाही ते आधी ठरवायचं आणि जे बदलता येतं ते त्याच्यामागे न्यायचं. लोक उलट करतात. आधी टेकड्या घेतात, मग त्या टेकड्यांना शोभेल असा मॅट शोधत फिरतात, आणि दर वेळी टेकडीचा हिरवा पोपटी तर मॅटचा हिरवा शेवाळी निघतो.

भडक हिरव्या गवताचा मॅट घेऊ नका, एवढा एक आगाऊ सल्ला देतो. मळकट, तपकिरीकडे झुकणारा मॅट घ्या. त्याच्यावर काहीही खपतं.

८. जमीन एक ठेवा, घरं कितीही असू द्या

फ्रान्सच्या गोबलँ कारखान्यात भिंतीवर टांगायचे चित्रांचे पडदे विणले जात. तिथे १८२४ साली रंगविभागाचा प्रमुख म्हणून आलेला रसायनशास्त्रज्ञ शेव्रोल याच्याकडे तक्रार आली की काळ्या सुताचा रंग कमजोर आहे. त्याने तपासलं, सूत उत्तम होतं. काळ्याच्या शेजारी निळे-जांभळे धागे विणल्यामुळे काळा मरगळलेला दिसत होता. त्यातून त्याने रंगांच्या परस्परविरोधाचा नियम मांडला आणि १८३९ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. हा गृहस्थ १०२ वर्षं जगला. रंगाच्या तक्रारी ऐकूनही माणूस एवढा जगतो याचा मला धीर वाटतो.

टेबलावर त्याचा अर्थ असा: प्रत्येक तुकड्याभोवती काय आहे यावर तो तुकडा कसा दिसेल हे ठरतं. आणि ‘भोवती’ काय असेल हे आपल्या हातात आहे. प्रत्येक घराच्या, भिंतीच्या, झाडीच्या तळाला जो पाया असतो त्याची कड आणि वरचं मातीचं रिंगण एकाच रंगाने रंगवा. प्रत्येक, म्हणजे सैनिकांच्या पायाखालच्या चकत्यांसकट. घर जर्मन असो की स्पॅनिश, कारखाना कुठलाही असो, सगळी एका जमिनीतून उगवली असं दिसू लागतं. १९९० च्या दशकातले गेम्स वर्कशॉपचे सैनिक आठवून बघा, सगळ्यांच्या चकत्या ‘गॉब्लिन ग्रीन’. आज तो हिरवा बालिश वाटतो, पण टेबलही तसंच हिरवं असे आणि सगळं चित्र एकसंध दिसे. रंग गावंढळ होता, विचार पक्का होता.

खरी गावं तर कुठे जुळतात? एक घर काल सारवलेलं, शेजारचं तीन पावसाळे खाल्लेलं. घराघरांतला फरक डोळ्याला खरा वाटतो. जमिनीतला फरक खोटा वाटतो.

९. असई पिवळी नाही

ब्रिटनमध्ये नेपोलियनच्या काळातल्या लढाया खेळणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांना आर्थर वेलस्लीच्या तरुणपणीची असई खुणावते. २३ सप्टेंबर १८०३, आजच्या जालना जिल्ह्यातलं गाव; त्याच्यासमोर दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांची फौज, शिंद्यांची कवायती पायदळ पलटणं हॅनोव्हरच्या पोलमनच्या हाताखाली. पुढे वॉटर्लू जिंकूनही वेलस्लीने आपली सर्वोत्तम लढाई म्हणून असईचं नाव घेतलं असं सांगतात. आमच्या क्लबात ही लढाई मांडायचं ठरलं तेव्हा एका निवृत्त शाळामास्तरांनी कपाटातून ‘भारत’ बाहेर काढला: वाळूच्या रंगाची, सपाट छपरांची, तयार रंगवलेली घरं, पिवळा मॅट आणि खजुराची झाडं. इजिप्तसाठी घेतलेलं सामान. “भारत म्हणजे पिवळाच ना?” त्यांनी निरागसपणे विचारलं.

मराठवाड्याची जमीन काळी, भादव्या-आश्विनातली म्हणजे ओली काळी आणि वर खरिपाचा हिरवा. गाव मात्र काळीवर बसत नाही. शेतं काळीवर, वस्ती पांढरीवर. गढ्या आणि भिंती त्याच पांढऱ्या मातीच्या. म्हणजे मास्तरांची फिकट घरं पूर्ण टाकाऊ नव्हती. चुकीची होती ती त्यांच्या खालची जमीन. मागच्या मुद्द्यातला नियम इथे तंतोतंत लागू पडला.

घरांना हात जवळजवळ लावलाच नाही. पिवळेपणा मारायला राखेकडे झुकणाऱ्या पांढऱ्याचा हलका ड्रायब्रश फिरवला, बस. सगळ्या पायांच्या कडा मात्र काळपट तपकिरी केल्या आणि पिवळा मॅट गुंडाळून ठेवला. शुद्ध काळा मी जाणूनबुजून टाळला. लहान आकारात रंग प्रत्यक्षापेक्षा गडद भासतो, आणि काळ्यावर सैनिकांचे गडद निळे कोट बुडून जातात. म्हणून कोळशात भरपूर तपकिरी आणि थोडा राखाडी मिसळून शेतातल्या मातीपेक्षा दोन पायऱ्या उजळ रंग केला. नदीचे तयार तुकडे निळसर हिरवे होते. केळणा आणि जुई सप्टेंबरात निळ्या वाहत नाहीत, त्यांना दुधाळ चहाचा रंग दिला. खजूर परत कपाटात.

याचा खेळाला प्रत्यक्ष उपयोग झाला, हे मला सांगायचं आहे. वाटाड्यांनी नदीला उतार नाही म्हणून सांगितलं असताना वेलस्लीने नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावं पाहिली आणि मध्ये उतार असणारच असा तर्क केला. लढाईचा सगळा डाव त्यावर उलटला. पिवळ्या मॅटवर पिवळी घरं असती तर ती दोन गावं टेबलावर कोणाच्या डोळ्यांत भरली नसती. काळ्यावर पांढरी गावं लांबून ओळखू आली, आणि तटबंदीचं असई गावही. याच गावाच्या फार जवळ गेल्यामुळे इंग्रजांच्या ७४ व्या हायलँडर्स पलटणीची कत्तल झाली होती. आमच्या खेळात इंग्रजांच्या बाजूने खेळणारा त्या गावाला लांब वळसा घालून गेला. मी शिंद्यांकडून खेळत होतो, त्यामुळे तेवढ्यापुरतं रंग इतका स्पष्ट नसता तरी चाललं असतं.

१०. खिडकीपासून लांब

पिवळे आणि लाल सेंद्रिय रंग उन्हाने लवकर उडतात. गेरू, पिवळी माती असे लोहाचे रंग टिकतात. हिरव्यातला पिवळा उडाला की झाडी निळसर होते. फडताळात शोभेला मांडलेली झाडी आणि खोक्यात ठेवलेली झाडी काही वर्षांनी एका लॉटची वाटत नाहीत, आणि दोष मात्र कारखान्याच्या माथी जातो. दार असलेलं कपाट घ्या.

११. जमिनीचा रंग बाटलीत नको, डब्यात हवा

छंदाचे रंग छोट्या बाटल्यांत येतात, महाग असतात आणि कंपन्या नावं-छटा बदलत राहतात. गेम्स वर्कशॉपने २०१२ साली आपली सिटाडेल रंगांची यादी नावांसकट बदलली तेव्हा ज्यांच्या शेकडो चकत्या जुन्या रंगात होत्या ते चरफडले. जमिनीसाठी मी घराच्या भिंतीचा मॅट इमल्शन वापरतो. रंगाच्या दुकानातलं टिंटिंग मशीन कोडवरून रंग मिसळून देतं. पाच वर्षांनी तोच कोड दिला तर पुरेसा जवळचा रंग मिळतो. ही सोय इंग्लंडात आहे तशी आपल्याकडे तालुक्याच्या गावीही आहे. लहान डबा घ्यायचा, कोड झाकणावर मार्करने लिहायचा. त्याहून दोन पायऱ्या फिकट असा दुसरा डबा धुळीसाठी. धुळीचा हा रंग घरं, भिंती, खडक, सैनिकांचे बूट, गाड्यांची चाकं, सगळ्यांच्या खालच्या अंगाला ड्रायब्रशने किंचित लागला पाहिजे.

नवा डबा उघडायच्या आधी जुन्यातला उरलेला त्यात ओतून ढवळून घ्यायचा. भिंती रंगवणारे कारागीर हे करतात तेव्हा त्यांना कोणी कारण विचारत नाही.

आणि किती जुळलं म्हणजे पुरे? खेळताना डोळा टेबलापासून हातभर लांब असतो. हातभर अंतरावरून, टेबलावरच्या दिव्याखाली फरक शोधावा लागत असेल तर काम झालं. नाकाजवळ धरून जे दिसतं ते कुंचल्याचं काम, ते टेबलावर मोजायचं नाही.

१२. विकताना दोन ओळी लिहा

जुनं टेरेन विकणारे फक्त ‘उत्तम स्थितीत’ एवढंच लिहितात. खोक्यावरचा क्रमांक, खरेदीचं वर्ष, आणि वर कुठलं वार्निश मारलंय का, एवढं त्यात घाला. फोटो काढताना शेजारी एक कोरा पांढरा कागद ठेवा, म्हणजे घेणाऱ्याला फोनने रंग किती हलवला याचा अंदाज येईल. एखादा सुटा तुकडा आधी पोस्टाने पाठवायची तयारी असेल तर तसं सांगा. पुढच्या माणसाच्या घरी आधीच एक राखाडी असणार आहे.